निनावे सर नॉर्वेला निघाले

वासुदेवराव निनाव्यांनी नॉर्वेला जायचं असं काही ठरवलं नव्हतं. ते धनीरामच्या भांड्यांच्या दुकानात नुसते पाणी प्यायला थांबले होते.

मार्च संपत आला होता आणि भंडाऱ्याचं ऊन कामाला लागलं होतं. गल्ल्यावर बसलेल्या धनीरामनं पितळी लोटा पुढे करत सवयीनं विचारलं की मास्तर, यंदाचा उन्हाळा कुठं, लेकीकडंच का? निनावे सर दर उन्हाळ्यात लेकीकडे लाखनीला जात. हायवेवरचे ट्रक मोजत आणि आमरस खात पंधरवडा काढायचा, ही त्यांची हवापालट. त्या दिवशीही ते लाखनीच म्हणाले असते. पण सदऱ्याच्या खिशात सकाळीच आलेलं नॉर्वेचं पत्र होतं, आणि ज्याच्या खिशात नॉर्वे आहे त्याच्या तोंडून लाखनी निघायला जरा जड जातं.

"पाहू," सर तोंड पुसत म्हणाले. "यंदा नॉर्वेले जावं म्हणतो."

सर घरी पोचेपर्यंत ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी दाढी करताना न्हाव्यानं विचारलं की तिकडं थंडीत दाढी कशी करतेत. भाजीवालीनं कोथिंबीर जास्त दिली, कारण तिकडे मिळत नसणार. शाळेतले जुने सहकारी घरी येऊन अभिनंदन करून, चहा पिऊन गेले. आता माघार घ्यायची म्हणजे भंडारा सोडून जायला हवं होतं, आणि भंडारा सोडून जायचंच तर मग नॉर्वेला का नको, असा सरांनी विचार केला.

तसं नॉर्वेशी त्यांचं नातं जुनं. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला, आणि दरवर्षी नॉर्वेचा धडा आला की हा शांत माणूस पेटून उठे. समुद्र डोंगरात कसा शिरतो, दोन्ही बाजूंना कडे कसे उभे राहतात, हे ते फळ्यावर असं काढत की खडू संपून जाई. पोरं बाकी सगळा भूगोल विसरली, पण 'फियॉर्ड' हा शब्द विसरली नाहीत. सरांचं नावच फियॉर्ड सर पडलं. गावाच्या तोंडात त्याचं फिरोड झालं. हे नाव आपल्याला ठाऊकच नाही असं सरांनी तीस वर्षं निष्ठेनं दाखवलं.

निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात लाखनीच्या रस्त्यावर एक निळी व्हॅन बंद पडून उभी होती. भोवती ट्रकवाले जमले होते आणि मधोमध एक उंच गोरा माणूस आणि त्याची बायको हातवारे करत होती. एसटीची वाट पाहणाऱ्या सरांनी इंग्रजीत चौकशी केली. आम्ही नॉर्वेचे, असं उत्तर आलं. नॉर्वेला खरोखरची माणसं असतात हे सरांना प्रथमच कळत होतं. खात्री करावी म्हणून त्यांनी तिथेच, रस्त्यावर, नॉर्वेची प्रमुख निर्यात विचारली. मासे आणि लाकूड, तो म्हणाला. सरांनी त्यांना पूर्ण गुण देऊन घरी आणलं. नागपूरहून व्हॅनचा सुटा भाग येईपर्यंत ओडवार आणि सिग्रिड हे दांपत्य निनाव्यांकडेच राहिलं. गल्लीनं त्यांना उद्धव आणि सिगडी करून घेतलं. जाताना दोघं रडली. मग पत्रं येत राहिली, आणि आता या पत्रात लिहिलं होतं की आमच्या त्रोम्सो गावात मे ते जुलै सूर्य मावळत नाही, तो पाहायला दोघं या, घर तुमचंच आहे.

रुखमिणीबाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी भिंतीवर नकाशा लावला, छडीनं नॉर्वे दाखवला आणि आपण इथून इथे जाणार असं सांगितलं. बाईंनी छडीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळाकडे पाहिलं. तुम्ही जा, त्या म्हणाल्या, मी घर पाहीन. नागपूरच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या, आणि नागपूरलासुद्धा त्यांना गर्दी वाटली होती. सरांनी मध्यरात्रीच्या सूर्याचं वर्णन सुरू केलं. पृथ्वीचा आस कसा कललेला आहे हे लिंबू आणि कंदील घेऊन समजावलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"तिकडं रात होतच नाही?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात नाही."

"मंग बाया दही कवा लावतेत?"

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता. सरांनी पाठ्यपुस्तक काढून पाहिलं. त्यात दह्याचा उल्लेख नव्हता. संध्याकाळी दुधाला विरजण लावता लावता रुखमिणीबाई म्हणाल्या की सिगडीले विचारून पाहायले पायजे. यायला तयार असल्याची ही खूण होती, पण ते सरांना दोन दिवसांनी कळलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या गोदावरीबाईंना सांजवातीची काळजी होती. सूर्य मावळल्याशिवाय दिवा लावायचा कसा, आणि नाही लावला तर लक्ष्मी भंडाऱ्याची जाणार की नॉर्वेची? धनीरामचं मत असं की रिकाम्या हातानं जाऊ नये, उद्धवसाठी मोठा हंडा न्यावा. विमानात हंडा बसणार नाही असं सर म्हणाले, तर तो म्हणाला की हंड्यात कपडे भरा, पेटीच घेऊ नका. त्यानं आपल्या काकाचा रेल्वेतला काळा कोटही आणून दिला. काका गार्ड होते आणि आडमाप होते. कोटात सर, आणि सरांबरोबर आणखी एखादा मास्तर, आरामात मावला असता.

पण हा कोट एप्रिलच्या भंडाऱ्यात घालून पाहायचा कुठे? इथे ताराचंदची गाठ पडली. ताराचंदचा बर्फाचा कारखाना होता आणि तो सरांचा विद्यार्थी होता. सर, दुपारचे येत जा, तो म्हणाला, बर्फाच्या खोलीत बसा, अंगाला सवय होईल. सरांना ही सूचना अत्यंत शास्त्रीय वाटली. दुसऱ्या दिवसापासून, बाहेर डांबर वितळत असताना, सर गार्डाचा कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून, बाजूला शाल पांघरलेल्या रुखमिणीबाई, असे रिक्षातून कारखान्याकडे जाऊ लागले. लोक दारात उभे राहून पाहत. रिक्षावाला मागे वळून वळून पाही आणि एकदा त्या नादात त्यानं रिक्षा रसवंतीत घातली.

आठवड्याभरात तिथे गोदावरीबाई आल्या. शेजारधर्म म्हणून सोबत करायला, असं त्या म्हणाल्या. सोबत त्यांनी सरकी काढायचा कापूस आणला होता. मग धनीराम दुपारची झोप घ्यायला येऊ लागला. मग पत्ते आले. बर्फाच्या लाद्यांवर पोती टाकून अर्धी गल्ली नॉर्वेची तयारी करू लागली, आणि लाद्या बसणाऱ्यांच्या आकाराच्या होऊ लागल्या. कुल्फीवाल्यांनी तक्रार केली. ताराचंदनं दारावर पाटी लावली की फक्त नॉर्वेला जाणाऱ्यांनीच आत यावं. त्या दिवशी दारात प्रत्येक जण नॉर्वेला चालला होता.

या सगळ्यात सर्दी एकट्या सरांना झाली. मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत, भंडाऱ्यात शिंकणारा तो एकमेव माणूस होता. रुखमिणीबाईंना काही झालं नाही. त्या लादीला टेकून छान झोप काढत, आणि उठल्यावर सिगडीनं शिकवलेले इंग्रजी शब्द पुटपुटत. स्पून, मिल्क, टुमारो. सरांनी शिकवलेली वाक्यं मात्र त्या म्हणत नसत. त्यात 'द क्लायमेट ऑफ युवर कंट्री इज मोस्ट ॲग्रीएबल' असं एक होतं, आणि कुठल्या शहाण्या बाईनं कुणाच्या घरी जाऊन असं बोलावं, असा त्यांचा प्रश्न होता.

तिकडे पासपोर्टचं काम चाललंच होतं. तिकिटांचं आणि व्हिसाला लागणाऱ्या कागदांचं ओडवारनं आणि सरांच्या फंडानं मिळून निभावलं होतं. राहिली होती पोलिसांची चौकशी. हवालदार आला तेव्हा सर बर्फात बसलेले होते, म्हणून तो धनीरामच्या दुकानात गेला. हा माणूस कसा आहे, असं त्यानं विचारलं. धनीरामनं आपल्या मास्तरांसाठी जीव तोडून साक्ष दिली. सोन्यासारखा माणूस, सगळा जिल्हा ओळखतो, पण निनावे म्हणून विचाराल तर कोणी सांगणार नाही, फिरोड सर म्हणून विचारा. हवालदारानं मान डोलावली आणि कर्तव्यदक्षपणे लिहिलं: वासुदेव सखाराम निनावे उर्फ फिरोड.

सरकारी कागदावर उर्फ कोणाच्या नावापुढे लागतं हे सांगायला नको. साधी माणसं एका नावात जन्म काढतात. पासपोर्टच्या कार्यालयातून पत्र आलं की हा फिरोड कोण, अर्जदार त्या नावाने कोणता व्यवसाय करतो आणि त्याची आणखी किती नावं आहेत याचा खुलासा करावा. मुळात आडनाव निनावे, त्यात हे. सरांनी ते पत्र वाचलं आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांना त्या नावाची दखल घ्यावी लागली.

उपाय एकच होता. आपल्याला फिरोड म्हणत नाहीत असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि तशी साक्ष देणारे दोन प्रतिष्ठित गृहस्थ आणायचे. गावात प्रतिष्ठित पुष्कळ होते. पण देवाशपथ खोटं बोलायला कोणी तयार होईना. सर स्वतः कचेरीत गेले. प्रतिज्ञापत्र करून घेणारे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, वाकून पाया पडले आणि म्हणाले, "या फिरोड सर, तुमी काहून तकलीफ घेतली, मले बोलावलं असतं."

सर कोरंच प्रतिज्ञापत्र घेऊन घरी आले.

रुखमिणीबाईंचा पासपोर्ट मात्र आला, पाठोपाठ व्हिसाही आला. त्यांच्याजवळ शाळेचा दाखला नव्हता, नोकरीचे कागद नव्हते, टोपणनाव नव्हतं. त्यांचे सगळे कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर तयार झाले होते, त्यामुळे कशाचा कशाशी वाद नव्हता. सरांजवळ आयुष्यभराचे कागद होते आणि ते एकमेकांकडे बोट दाखवत होते. मीठ चोळल्यासारखं व्हावं म्हणून की काय, बाईंचा फोटोही चांगला आला होता.

निघायचा दिवस जवळ आला. गल्लीनं चौकात सत्कार ठेवला होता. मांडव पडला, लाऊडस्पीकर आला, भंडारा ते नॉर्वे असा फलक रंगवून झाला. आणि सरांचा पासपोर्ट कुठल्या तरी टेबलावर फिरोडचा शोध घेत पडला होता. सत्काराच्या दिवशी दुपारी सरांनी दार लावून घेतलं आणि रुखमिणीबाईंना आपला बेत सांगितला. बेत सोपा होता. बाईंनी आजारी पडायचं. पत्नीची प्रकृती बिघडल्यामुळे आमचा दौरा रहित, असं सर मांडवात जाहीर करतील. लोक हळहळतील आणि कोणाचीच अब्रू जाणार नाही.

रुखमिणीबाई नव्या स्वेटरला गुंडी लावत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"मी आजारी नाही पडनार."

"दोनच दिवस. नुसतं पडून राहाचं."

"मले काई झालं नाही. तुमाले सर्दी हाये, तुमी पडा आजारी."

"मी पडलो तं तू एकटी कशी जाशीन?"

हे सर सहज बोलून गेले, वाद मिटावा म्हणून. बाईंनी स्वेटर मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"सिगडी इथं आली तवा तिले कोन ओळखत होतं?" त्या म्हणाल्या. "तिले मराठी येत नव्हती. तरी माह्या चुलीपाशी बसून तिनं भाकरी शिकली. मी काहून नाही जाऊ शकत? तुमीच तं म्हणता, पृथ्वी गोल हाये. वापस येईनच ना."

सरांना राग यायला हवा होता, पण तो नीट येईना. ते खाटेवर बसले, उठले, नकाशापुढे गेले, परत आले. वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात नॉर्वे घालण्यात त्यांचा घसा बसला होता, आणि नॉर्वेला जायची हिंमत जिच्यात आली ती बाई घरातच तांदूळ निवडत होती. ती जाईल आणि आपण मागे राहू, ही कल्पना त्यांना बोचत होती. ती जाणार नाही, ही कल्पना त्याहून जास्त बोचते आहे हे लक्षात आल्यावर ते थांबले. कोट अंगावर चढवून त्यांनी तिला म्हटलं की चल, मांडवात उशीर होतो.

चौक भरला होता. धनीरामनं भाषण केलं आणि त्यात नॉर्वेची राजधानी लाखनीच्या अंतरावर आणून ठेवली. मग सरांच्या कोटावर शाल पांघरण्यात आली. त्या उन्हाळी संध्याकाळी दोन थरांत उभ्या असलेल्या सरांना घामाच्या धारा लागल्या होत्या. ते माईकपुढे गेले. नेहमीच्या सवयीनं खिशात खडू चाचपला.

"नॉर्वेले मी जाऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "कागद अडले. माह्या नावाची जरा गडबड आहे, ती तुमाले सगळ्याईले माहीत आहे."

धनीराम खाली पाहू लागला.

"माही बायको जाऊन राहिली आहे. एकटी."

सरांनी खांद्यावरची शाल काढली, मागच्या खुर्चीवर बसलेल्या रुखमिणीबाईंच्या अंगावर घातली आणि नारळ त्यांच्या हातात दिला. मग काय करावं हे न कळून त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. दुसरी टाळी गोदावरीबाईंची होती. मग असा गजर झाला की लाऊडस्पीकरवाल्यानं घाबरून रेकॉर्डच लावली आणि निरोपाच्या सभेत लग्नाची सनई वाजायला लागली. बाईंनी पदर सारखा केला आणि नारळ मांडीवर घट्ट धरून बसल्या. सरांनी पाहिलं की ती हसते आहे. लग्नातसुद्धा ती अशी हसली नव्हती. तेव्हा रडत होती.

सर मुंबईपर्यंत सोडायला गेले. विमान बदलताना हरवू नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर इंग्रजीत बाईंचं नाव, गाव आणि कृपया मार्ग दाखवावा असं लिहून तो पुठ्ठा त्यांच्या गळ्यात अडकवला. विमानतळाच्या दारात बाईंनी तो काढून सरांच्या हातात दिला. मी काय पार्सल आहे काय, असं त्या म्हणाल्या, आणि मागे न पाहता काचेच्या दारातून आत गेल्या. परतीच्या गाडीत सर तो पुठ्ठा घेऊन बसले होते. दोन प्रवाशांनी त्यांना मार्ग दाखवला.

नंतरचे दिवस सरांनी पोळ्या जाळत काढले. कोणीतरी रोज नॉर्वेची खबर विचारी आणि खबर तर नव्हती. शेवटी एका दुपारी ताराचंदचा माणूस धावत आला की कारखान्यात ट्रंककॉल लागतो आहे. सर पोचेस्तोवर गल्ली तिथे हजर होती. सरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांना पर्जन्यमानाबद्दल विचारायचं होतं, कड्यांच्या उंचीबद्दल विचारायचं होतं. पण तिकडून घरघरीतून आवाज आला की तिकीट पुढं ढकललं आहे, आठ दिवस उशिरा येईन.

"काहून?" सर ओरडले. "तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये. मी सायकल शिकून राहिलो." रुखमिणीबाईही ओरडत होत्या, मधल्या समुद्रांवरून आवाज पोचावा म्हणून. "सिगडी शिकवते. वळता येते, थांबता नाही येत. थांबता आलं का येतो."

सरांनी हे जमलेल्या लोकांना सांगितलं. गोदावरीबाईंनी विचारलं, लुगडं नेसून? सरांनी तसं विचारलं. उत्तर यायच्या आत लाईन कटली, आणि पुढचे आठ दिवस भंडाऱ्यात दुसरा विषय निघाला नाही.

बाई परतल्या त्या रंगानं उजळून आणि जरा रोडावून. गुडघ्यावर खरचटल्याची खूण होती. ती त्यांनी बायकांना आळीपाळीनं दाखवली. दह्याचं विचारलं का, असं गोदावरीबाईंनी विचारलं, तर त्या म्हणाल्या की तिकडे दही दुकानातून आणतात, आता बोला. सरांनी तोवर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून एक जुनी लेडीज सायकल आणून तेलपाणी करून अंगणात उभी ठेवली होती.

पुढच्या रविवारी सकाळी बाजाराच्या रस्त्यावर भंडाऱ्यानं एक दृश्य पाहिलं. रुखमिणीबाई नऊवारीचा काचा मारून, समोर पाहत, घंटी वाजवत सायकल चालवत होत्या. मागे कॅरियरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं सीट घट्ट धरून निनावे सर बसले होते. धनीराम दुकानाबाहेर धावत आला आणि त्यानं विचारलं की मास्तर, कुठं चालले?

सायकल थांबली नाही. सरांनी मागे वळून, जमेल तितक्या प्रतिष्ठेनं सांगितलं, "मले काय विचारता? नेनारी पुढं बसली हाये."